उजव्या कानातला पांढरा ठिपका

१

शाळेची व्हॅन कडुलिंबावर आदळली शुक्रवारी दुपारी, आणि दिवेलागणीच्या आत इंदिरानगरातल्या त्या सगळ्या सोसायटीने निकाल देऊन टाकला होता. दोषी कोण, तर इसाक. का, तर गाडी चालवताना फोनवर बोलत होता. आता याउपर कोणी काही विचारायचं नाही.

तसा पुरावाही कमी नव्हता. अपघाताच्या वेळी इसाकच्या फोनवर वेदिकाचा फोन आला होता आणि तो उचललाही गेला होता. वेदिका म्हणजे व्हॅनमधल्या स्वानंदीची आई. तिने आदळल्याचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकला होता. आणि स्वानंदीचे वडील मयुरेश, ते योगायोगाने त्याच रस्त्याने देवळालीहून परतत होते, व्हॅनच्या मागेच. त्यांनी पोलिसांना सांगितलं की इसाकच्या उजव्या कानात पांढरा इअरबड होता आणि त्याचे ओठ हलत होते. बाप आणि आई दोघंही साक्षीदार म्हटल्यावर आणखी काय हवं?

बाकीच्या मुलांना खरचटण्यावर निभावलं. स्वानंदीचा हात मोडला, कपाळाला टाके पडले. पण घरच्यांच्या जिवाला घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. पोर शुद्धीवर होती, खात होती, दुखलं की "आई गं" एवढं कण्हत होती. बाकी एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, बोलेल हळूहळू. मयुरेश तिला भरवायला बसला की ती डोळे मिटून घ्यायची. थकली असेल, असं सगळे म्हणत.

स्वानंदीचे आजोबा दिवाकरराव चांदवडकर. उभी हयात मोटार वाहन खात्यात निरीक्षक म्हणून गेलेली. फोन कानाला लावून गाडी हाकणाऱ्यांवर त्यांचा असा राग, की निवृत्तीनंतरही सिग्नलला शेजारच्या गाडीची काच वाजवून "अहो, ठेवा तो आधी" म्हणत. दोनदा शिव्या खाल्ल्या, एकदा मार खाता खाता वाचले, तरी खोड जाईना. इसाकला सोसायटीच्या मुलांसाठी आणला होता तोही त्यांनीच. "माणूस खात्रीचा आहे," असं त्यांनी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं. आता जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे असा काही बघायचा, की नको तो जिना.

रविवारी सकाळी इसाकची बायको गुलजारबी दारात आली. पोलिसांनी इसाकला जामिनावर सोडलं होतं. पण व्हॅन जप्त, लायसन्स जप्त. गुरुवारी लायसन्सची सुनावणी. ते गेलं की रोजीरोटी गेली, आणि मागे कोर्टाची केस होतीच, तुरुंगसुद्धा होऊ शकत होता. दिवाकररावांनी तिला बसा म्हटलं, पण ती उभीच राहिली. मयुरेश आतून आला, तिला बघून त्याचा चेहरा उतरला आणि तो आल्या पावली आत गेला.

"साहेब, माफी मागायला नाही आले," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. कानात घालायचं ते यंत्र त्यांच्याकडे नाहीच. कधी घेतलंच नाही. मग तुमच्या मुलाने बघितलं ते काय?"

२

सरकारी नोकरीत माणसं खोटं कसं बोलतात हे दिवाकररावांनी इतकं बघितलं होतं, की खरं बोलणारं माणूस समोर आलं की त्यांना अस्वस्थ व्हायचं. गुलजारबी गेली आणि त्यांना चहा गोड लागेना. त्यांनी मनाशी दोनच शक्यता मांडल्या. एक तर नवरा बायकोपासून लपवत होता, नाहीतर मयुरेशला चुकीचं दिसलं होतं. दुसरी शक्यता त्यांना बरी वाटली. घाईत, भीतीत, पोटची पोर गाडीत असताना माणसाला काहीही दिसतं.

ते पोलीस चौकीवर गेले. फौजदार खैरनार त्यांना खात्यातल्या दिवसांपासून ओळखत. आवारात जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगेत ती पिवळी व्हॅन नाक ठेचून उभी होती. खैरनार म्हणाले, बघा, पण हात लावू नका. इअरबड मिळाला का, असं विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले. रस्त्यात पडला असेल, गर्दीत कोणी उचलला असेल, नाहीतर त्यानेच फेकला असेल. साक्षीदार चांगला असला की वस्तू नसली तरी चालते, असं त्यांचं म्हणणं.

दिवाकररावांनी व्हॅनला दोन फेऱ्या घातल्या. पुढून डाव्या कोपऱ्यात ठेचलेली, उजवी बाजू जवळजवळ धड. मागे दप्तरं अजून तशीच होती. मागच्या काचेला टेकून, एकावर एक, छतापर्यंत. मुलं जास्त आणि जागा कमी, म्हणून सगळ्याच व्हॅनवाल्यांची ही रीत. खात्यात असताना त्यांनी स्वतः यासाठी कितीजणांना दंड केला होता.

मग ते ड्रायव्हरच्या दाराशी वाकले. सीट आणि दाराच्या फटीत वाटाण्याएवढी कापसाची गोळी अडकली होती.

"ते होय," खैरनार म्हणाले. "टाके घालताना वगैरे पडला असेल कापूस."

टाके दवाखान्यात घातले होते, व्हॅनमध्ये नव्हे. दिवाकरराव आणखी खाली वाकले आणि नाक त्या फटीजवळ नेलं. औषधाचा वास नव्हता. तो वास त्यांच्या ओळखीचा होता, फक्त कुठला ते आठवेना. ते तसेच वाकून राहिले, आणि आठवलं तेव्हा चौकीतून थेट इसाककडे निघाले.

३

वडाळागावात इसाकचं घर शोधायला वेळ लागला नाही. सगळ्यांना ठाऊक झालं होतं. इसाक खाटेवर बसला होता, हनुवटीला पट्टी, नजर जमिनीला. सहा फुटी माणूस, पण बसला होता असा की अंग चोरून भिंतीत शिरू बघतोय. साहेबांना बघून उठला, मग पुन्हा बसला.

दिवाकररावांनी एकच प्रश्न विचारला. शुक्रवारी नमाजला गेला होतास का?

गेला होता. दर शुक्रवारी शाळा सुटायच्या आधी जातो. आणि अत्तर? इसाकने नवलाने वर बघितलं. लावतो की. खसचं. कापसाचा फाया करून कानात खोचतो, दिवसभर वास राहतो. वडील करायचे तसंच.

"कुठल्या कानात?"

इसाकचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. गुलजारबीने कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस नवरा-बायको डोकं फोडून घेत होते आणि ही गोष्ट दोघांनाही सुचली नव्हती. जेवल्यावर हात धुतो हे कोणी पोलिसांना सांगतं का? ओठ का हलत होते तेही कळलं. गाडी चालवताना तो मनातल्या मनात दुवा म्हणायचा, मुलं सुखरूप पोहोचावीत म्हणून. हे सांगताना इसाक लाजला.

दिवाकररावांना हायसं वाटलं. म्हणजे मयुरेशने खोटं सांगितलं नव्हतं. पांढरं काहीतरी त्याने खरंच पाहिलं होतं, अर्थ चुकीचा लावला एवढंच. पण मग फोन कोणी उचलला? आणि गाडी झाडावर गेली कशी?

गाडीचं इसाकने आधीच सांगितलं होतं, कोणी लिहून घेतलं नव्हतं. उजवीकडून एक पांढरी कार घासत पुढे आली आणि अचानक डावीकडे कलली, थेट त्याच्या अंगावर. त्याने व्हॅन डावीकडे दाबली. तिथे झाड होतं. कार कोणाची, नंबर काय, काही नाही. नाशकात पांढऱ्या गाड्यांना काय तोटा? खैरनार म्हणाले होते की प्रत्येक अपघातात एक पांढरी गाडी असतेच आणि ती कधीच सापडत नाही.

फोनचं मात्र इसाक सांगेना. फार खोदल्यावर एवढंच म्हणाला की फोन त्याच्याजवळ नसतो. मागे एकदा एका आईचा फोन घेतला आणि कॅमेऱ्याने टिपलं, घरी दंडाचा मेसेज आला. तेव्हापासून कानाला खडा लावला. पण आयांना तर क्षणोक्षणी कळायला हवं, चाचा कुठे आलात. ग्रुपवर लोकेशन चालू ठेवायला हवं, फोन उचलायला हवा. म्हणून त्याने तोड काढली. गाडी सुरू व्हायच्या आधी फोन मागे मुलांकडे द्यायचा. फोन आला की मुलांनीच सांगायचं, आलो, पोहोचतोय.

"त्या दिवशी कोणाकडे होता?"

इसाकने मान हलवली. "पोलिसांनीपण विचारलं, साहेब. नाही सांगितलं. पोरं लहान आहेत. चौकीत बोलावून पोरीला विचारायला लागले, तर ती आयुष्यभर म्हणेल, माझ्यामुळे झालं."

पोरीला, असं तो म्हणाला होता. त्या व्हॅनमध्ये मुलगी एकच होती.

४

तरी खात्री करून घ्यायला हवी होती. अंदाजावर चालणारा निरीक्षक म्हणजे बिनब्रेकची गाडी, असं ते नव्या पोरांना शिकवायचे. खालच्या मजल्यावरच्या तृप्तीचा मुलगा रुद्र त्याच व्हॅनने जायचा. तृप्तीला आधी वाटलं, म्हातारा आपल्या मुलालाही कोर्टात नेणार. मग तिने स्वतःच सांगून टाकलं. मुलांची पाळी असायची. ज्याची पाळी त्याच्याकडे फोन, आणि शिवाय बक्षीस म्हणून चाचांच्या पाठीमागची खिडकी. त्या जागेवरून भांडणं व्हायची. शुक्रवार स्वानंदीचा. रुद्र आणि बाकीची पोरं पलीकडे भेंड्या खेळत होती, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

"आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं हो, काका," तृप्ती म्हणाली. "आम्ही फोन करायचो आणि कोणीतरी पोरगं उचलायचं. आम्हाला वाटायचं, चाचा लाउडस्पीकरवर टाकतात. आम्हीच त्यांना दर वळणावर फोन करायचो आणि आम्हीच म्हणायचो, फोनवर बोलू नका."

दिवाकरराव घरी आले. वेदिका स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, समोर दूध उतू जात होतं आणि तिला दिसत नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला. म्हणाले, त्या दिवशी फोनवर काय ऐकलंस ते मला पुन्हा सांग, अगदी पहिल्यापासून.

तिने सांगितलं. मोबाइलवर व्हॅनचा ठिपका हलेनासा झाला. लॅम रोडच्या कडेला जिथे देवळाली कॅम्पाची हद्द संपते तिथेच चिकटून बसला. नेट अडकलं असेल, हे तिला सुचलंच नाही. तिचा जीव टांगणीला लागला. आधी मयुरेशला मेसेज टाकला, कारण तो त्याच बाजूला होता. मग राहवेना म्हणून इसाकला फोन लावला. फोन उचलला गेला, पण कोणी बोललं नाही. नुसता मुलांचा कालवा. ती "चाचा, चाचा" करत राहिली.

"आणि मग?"

"मग स्वानंदी ओरडली. बाबा, म्हणून. आणि मग तो आवाज." वेदिकाने पदर तोंडाला लावला. "अजून कानात आहे, अप्पा."

"आधी ओरडली की आधी आवाज?"

"आधी ओरडली."

"घाबरून?"

वेदिकाने ते कधी तसं आठवूनच पाहिलं नव्हतं. आता आठवून म्हणाली, "नाही. घाबरून नाही. आपण रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं की हाक मारतो ना, तशी."

मग तिला आपण काय बोललो ते जाणवलं की नाही कोण जाणे. दिवाकरराव मात्र उठून खिडकीपाशी गेले, कारण त्यांना तिच्याकडे बघवेना.

५

माणूस आपल्या घरावर संशय घेताना शेवटच्या क्षणापर्यंत पळवाटा शोधतो. दिवाकररावांनीही शोधल्या. पोर नुसती बापाच्या आठवणीने ओरडली असेल. व्हॅनच्या मागे मयुरेश दिसला असेल. पण मागे कसा दिसेल, मागे तर छतापर्यंत दप्तरं. आणि मयुरेशला तरी मागून इसाकचा कान कसा दिसला?

हा प्रश्न एकदा मनात आला आणि मग तो जाईना. विंचू चावल्यासारखे ते तळमळत होते.

बुधवारी दुपारी त्यांनी रिक्षा केली आणि शाळा सुटायच्या वेळेला देवळाली कॅम्पात जाऊन थांबले. मुलांना घेऊन एक व्हॅन निघाली, दुसऱ्या कोणाची तरी, पण मागच्या काचेला तशीच दप्तरं. रिक्षावाल्याला त्यांनी तिच्या मागे लावलं. जवळ गेले, लांब राहिले, डावीकडून वाकून बघितलं. ड्रायव्हरच्या कानाचं सोडा, डोकंसुद्धा दिसत नव्हतं. रिक्षावाल्याला वाटलं की आजोबांचं नातवंड आहे आत. तो म्हणाला, काका, काळजी नका करू, नीट चाललीय गाडी.

"उजवीकडून पुढे काढ," दिवाकरराव म्हणाले. "सावकाश."

रिक्षा व्हॅनच्या बरोबरीला आली आणि हातभर अंतरावर ड्रायव्हरचा उजवा कान दिसला. कानावर ठेवलेली विडीसुद्धा दिसली. त्याच्या मागच्या खिडकीत एक मुलगी नाक काचेला दाबून बसली होती. तिने दिवाकररावांकडे बघून जीभ काढली.

त्यांनी रिक्षा कडेला घ्यायला सांगितली. इसाकच्या उजव्या कानातला फाया ज्याने पाहिला, तो उजवीकडून बरोबरीने चालला होता. मागून नव्हे. आणि उजवीकडून बरोबरीने एकच गाडी चालली होती, पांढरी, जी अंगावर आली. घरची गाडी लाल होती, पण ती त्या दिवशी सर्व्हिसिंगला होती. दवाखान्यात धावताना त्यांना स्वतःला रिक्षा करावी लागली होती. मयुरेशने कंपनीची गाडी आणली होती. तिचा रंग त्यांनी कधी बघितला नव्हता, आणि आता बघायची गरजही उरली नव्हती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. फिर्याद न्यायची कोणाकडे? मनात आलं की गप्प बसावं. कोणाला कळणार होतं? इसाकला माहीत नाही, खैरनारांना पडलेली नाही. म्हातारपणी लेकाला अडकवून मिळवायचं काय? दिवाकररावांना स्वतःच्या या विचाराची जेवढी भीती वाटली तेवढी आजवर कशाचीच वाटली नव्हती. उद्या गुरुवार होता.

६

घरी आले तेव्हा वेदिका औषधं आणायला गेली होती. स्वानंदी आतल्या खोलीत पडून होती, दार लोटलेलं. मयुरेश बाल्कनीत उभा होता. त्याने रजा टाकली होती, पण मुलीजवळ बसत नव्हता. बाल्कनीतच उभा असायचा.

दिवाकररावांनी बाल्कनीचं दार मागे ओढून घेतलं.

"तू व्हॅनच्या मागे नव्हतास, मयुरेश."

मयुरेश वळला. काय म्हणताय अप्पा, मीच तर आधी पोहोचलो, मीच तिला बाहेर काढलं, असं काहीबाही बोलत राहिला. दिवाकररावांनी त्याला बोलू दिलं. मग फायाचं सांगितलं, दप्तरांचं सांगितलं, रिक्षाचं सांगितलं. आवाज चढवला नाही. "तू जे पाहिलंस ते खरं सांगितलंस, म्हणून सापडलास," ते म्हणाले. "इसाकच्या उजव्या कानातलं पांढरं मागून दिसतच नाही."

आधी मयुरेश भडकला. त्या माणसासाठी तुम्ही पोटच्या पोराच्या मुळावर उठलात का, म्हणाला. मग कठड्याला धरून खाली बसला, आणि सगळं बाहेर आलं.

वेदिकाचा मेसेज आला, ठिपका हलत नाही. त्याने फोन मांडीवर ठेवून नकाशा उघडला आणि गाडी दामटली. ठिपक्याच्या जागी पोहोचला तर तिथे व्हॅन नाही. रस्ता मोकळा. काय झालं असेल, कुठे गेली असेल, म्हणून तो पुढे सुटला, एका हाताने स्क्रीन मोठी करत, लहान करत. वाटेत एक पिवळी व्हॅन आडवी आली, तशा त्या रस्त्यावर दहा असतात, म्हणून ओव्हरटेक करायला उजवीकडे घेतली. ओझरतं बघितलं, ड्रायव्हरच्या कानात पांढरं काहीतरी, ओठ हलतायत. मनात आलं, बघा, हे असे लोक. आणि नजर पुन्हा मांडीवर. पुढचं त्याला कळलंच नाही. गाडी डावीकडे कधी गेली, कशी गेली. आवाज झाला तेव्हा तो पुढे निघून गेला होता. थांबून मागे पळत आला आणि बघतो तर आपलीच व्हॅन.

"पोलिसांनी विचारलं, तुम्ही कुठे होतात. तोंडातून निघून गेलं, मागे होतो म्हणून. मग इअरबडचं सांगितलं. ते मला खरंच वाटलं होतं, अप्पा. एकदा बोलल्यावर परत कसं घेणार?" मग हळूच म्हणाला, "मी बोलत नव्हतो फोनवर. नकाशा बघत होतो. नकाशाला कायद्यात सूट आहे, तुम्हीच सांगायचात."

"रस्ता शोधायला सूट आहे," दिवाकरराव म्हणाले. "तू रस्ता शोधत नव्हतास. पोरीला शोधत होतास. आणि ती तुझ्या डाव्या हाताला बसली होती."

मयुरेश रडला. चाळिशीचा माणूस, आवाज दाबून, तोंडात मूठ घालून. दिवाकररावांचा जीव तुटत होता, पण ते खाली वाकले नाहीत. वाकले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. उद्याच्या आत खैरनारांकडे जाऊन जबाब बदलायचा, एवढंच त्यांनी सांगितलं. नाही गेलास तर मी जाईन. माझ्या तोंडून जाण्यापेक्षा तुझ्या तोंडून गेलेलं बरं.

"जातो," मयुरेश अखेर म्हणाला. "केस होऊ दे, नोकरी जाऊ दे, बघेन मी. फक्त स्वानंदीला कळू देऊ नका. तिला एवढं दुखतंय ते बापामुळे, हे तिला कळलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

दिवाकररावांनी दोन दिवस हे एकच वाक्य गिळून ठेवलं होतं.

"तिला माहीत आहे," ते म्हणाले. "चाचांच्या मागच्या खिडकीत तीच होती. फोन तिच्याकडे होता. तिने तुला बरोबरीने येताना पाहिलं आणि हाक मारली. वेदिकाने फोनवर ऐकलीय ती हाक. पोर बोलत नाही ती धक्क्याने नाही, मयुरेश. बोलले तर बाबांना नेतील आणि नाही बोलले तर चाचांना, या पेचात ती तोंड मिटून पडलीय."

मयुरेश उठला, शर्टाने चेहरा पुसला आणि चपलेत पाय घातला.

"चौकीत नंतर," दिवाकरराव म्हणाले. "आधी आत जा."

त्याने चपला काढल्या आणि आतल्या खोलीचं दार ढकललं. दिवाकरराव बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. आत जावंसं वाटत होतं, पण ते काम त्यांचं नव्हतं. आतून मयुरेशचा आवाज येत होता, अडखळत, मधेच बंद पडत, पुन्हा सुरू होत. शब्द नीट ऐकू येत नव्हते. मग तो थांबला आणि खालच्या मजल्यावरचा कुकर ऐकू यायला लागला.

मग स्वानंदी बोलली. इतक्या दिवसांत न वापरलेला घोगरा आवाज.

"म्हणजे आता इसाकचाचांना सोडतील?"

"हो," मयुरेश म्हणाला.

"आणि तुला?"

दिवाकरराव दाराजवळ सरकले. लेक आता काय सांगतो, पुन्हा काही पांघरूण घालतो की काय, याचीच त्यांना धाकधूक होती.

"माहीत नाही, बाळा," मयुरेश म्हणाला. "मला नेतील कदाचित."

खाट करकरली. पोर एका हाताने उठून बसत असावी. मग ती रडायला लागली, मोठ्याने, हुंदके देत, चांगलं गळा काढून, जसं त्या शुक्रवारीच रडायला हवं होतं. वेदिका औषधाची पिशवी घेऊन दारात आली, तो आवाज ऐकून धावत आत जायला निघाली. दिवाकररावांनी हात आडवा करून तिला थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बापाजवळ आहे ती."